घरातले विमान आणि कानातला तोल

एस.टी.चा ड्रायव्हर दिवसभर घाटातून गाडी हाकून घरी आला, की हातपाय धुतो, जेवतो आणि झोपतो. रात्री पुन्हा गंमत म्हणून स्टिअरिंग धरून बसण्याची हौस त्याला नसते. विमान चालवणाऱ्यांचे मात्र जरा वेगळे आहे. अमेरिका आणि युरोपात खरी विमाने चालवणारे पुष्कळ वैमानिक सुटीच्या दिवशी घरी संगणकासमोर बसतात आणि पुन्हा विमानच उडवतात. टेबलावर पडदा, हाताशी जॉयस्टिक नावाचा दांडा, हौस मोठी असेल तर पायाशी पेडल. पडद्यावर धावपट्टी दिसते, तबकड्यांचे काटे हलतात, ढग येतात, पाऊस पडतो. खुर्ची मात्र जागची हलत नाही. या साधनाला फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. आपल्याकडे बारामती, गोंदिया येथे विमानचालन शिकणाऱ्या मुलांनाही ते परके नाही.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे वाचकांना वाटेल. त्याचे कारण असे, की सिम्युलेटरच्या बाबतीत एक चमत्कारिक गोष्ट अनेक वर्षांपूर्वी लक्षात आली. ज्यांना खऱ्या आकाशात कधी मळमळले नाही, अशा मुरलेल्या वैमानिकांनाच या जमिनीवरच्या विमानात मळमळते, डोके जड होते, गरगरते. नवशिक्याला तेवढा त्रास होत नाही. असे का होते, हे समजले की घाटात गाडी का लागते, फुगडीनंतर घर का फिरते आणि ढगात शिरलेला चांगला वैमानिकही का फसतो, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकदमच मिळतात.

तोलाचे तीन साक्षीदार

आपण उभे आहोत की आडवे, थांबलो आहोत की चाललो आहोत, हे मेंदूला तीन साक्षीदारांकडून कळते. पहिला साक्षीदार म्हणजे डोळे. दुसरा साक्षीदार आहे आतला कान. कान केवळ ऐकण्यासाठी असतो, असा आपला समज असतो. पण कानाच्या आत, हाडाच्या पोकळीत, तोल सांभाळणारे एक इवलेसे यंत्र आहे. तिसरा साक्षीदार म्हणजे स्नायू, सांधे आणि तळपायांची त्वचा. अंगाचा भार कोठे पडला आहे, ते हा साक्षीदार सांगतो.

कानातल्या यंत्राचे दोन भाग आहेत. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. डोके वळले की नळी वळते, द्रव मात्र क्षणभर मागे राहतो. त्यामुळे आतले केसासारखे तंतू वाकतात आणि ‘वळलो’ असा निरोप मेंदूला जातो. दुसऱ्या भागात चुन्याचे अतिसूक्ष्म खडे असतात. डोके कलले किंवा वाहनाने वेग घेतला की ते सरकतात आणि त्यावरून कल समजतो.

हे यंत्र पायी चालणाऱ्या माणसासाठी घडले आहे आणि त्या कामात ते निष्णात आहे. आकाशात त्याची गफलत होते.

फुगडी आणि ढग

लहानपणी फुगडी खेळताना आलेला अनुभव आठवून पाहा. फुगडी थांबते, पाय जमिनीवर स्थिर असतात, पण अंगण फिरतच राहते. याचे कारण असे, की बराच वेळ एकाच गतीने फिरल्यावर कानातला द्रवही नळीच्या गतीने फिरू लागतो आणि कान ‘फिरतोय’ असे सांगणे बंद करतो. आपण थांबलो की द्रव तेवढ्याच जोराने पुढे धावतो. कान आता उलट दिशेने फिरल्याची खोटी साक्ष देतो. अंगणात आपण भिंतीचा आधार घेतो, हसतो, आणि थोड्याच वेळात सारे ठीक होते.

हेच विमानात ढगांमध्ये झाले तर? बाहेर पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही. विमान हळूहळू एका अंगावर कलून वळू लागले, तर ते वळण कानाला जाणवतही नाही. वैमानिकाला वाटते, आपण सरळ चाललो आहोत. कोणी विमान खरोखर सरळ केले, तर त्याला वाटते की ते उलट्या बाजूला कलले. म्हणून तो पुन्हा पहिल्याच बाजूला कलवतो. वळण आवळत जाते, उंची कमी होत जाते आणि विमान गिरक्या घेत खाली येते.

१९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात याचा एक प्रयोग झाला. तबकड्या पाहून विमान चालवण्याचे शिक्षण न मिळालेल्या २० जणांना, बाहेरचे काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालवायला दिले. शेजारी अर्थातच शिक्षक होते. विसांपैकी एकालाही विमान ताब्यात ठेवता आले नाही. सरासरी वेळ निघाला १७८ सेकंद. म्हणजे तीन मिनिटेही नाहीत!

आपल्या मुंबईच्या स्मरणात अशीच एक दुर्घटना आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून दुबईला निघाले. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश, क्षितिज दिसत नाही. एक हलके वळण घेतल्यावर कॅप्टनसमोरचे, कृत्रिम क्षितिज दाखवणारे यंत्र बिघडले. विमान सरळ झाले तरी ते उजवीकडेच कललेले दिसत राहिले. कॅप्टनने ते डावीकडे वळवले आणि वळवतच नेले. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत ते वांद्र्याच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर समुद्रात कोसळले आणि आतली सर्व २१३ माणसे मृत्युमुखी पडली. विमानात तसे यंत्र एकच नव्हते. शेजारची यंत्रे पाहून ताळमेळ घेता आला असता. पण त्या काही सेकंदांत ते झाले नाही. खोटे यंत्र ओळखायला कॅप्टनच्या अंगातल्या जाणिवेनेही मदत केली नाही. विमान पुरते कलले तरी कानाने आरडाओरड केली नाही.

जत्रेतल्या खेळण्यातून आलेली विद्या

कानाच्या या खोट्या साक्षीवर उतारा म्हणूनच सिम्युलेटरचा वापर वाढला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक नावाचा तरुण वडिलांच्या पियानो आणि ऑर्गन बनवण्याच्या कारखान्यात काम करत असे. विमान शिकणे महाग, म्हणून त्याने १९२९ च्या सुमारास ऑर्गनचे भाते आणि हवेचे पंप वापरून डोलणारे एक लाकडी विमान बनवले. सुरुवातीला त्याला गिऱ्हाईक मिळाले ते जत्रेसारख्या करमणुकीच्या बागांचे. १९३४ साली मात्र अमेरिकी सैन्याच्या विमानदलावर टपाल वाहण्याचे काम आले. खराब हवेत, रात्री-अपरात्री उडताना काही आठवड्यांतच अनेक वैमानिक प्राणास मुकले. तेव्हा सैन्याचे डोळे उघडले आणि त्याने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. बंद पेटीत बसून, बाहेरचे काही न पाहता, केवळ तबकड्यांवर भरवसा ठेवायला शिकवणे, हे त्या पेटीचे काम होते.

पुढे संगणक आले. इलिनॉय विद्यापीठातच शिकलेल्या ब्रूस आर्टविक या अभियंत्याने घरच्या छोट्या संगणकावर चालणारे विमान तयार केले. १९८२ पासून ते मायक्रोसॉफ्टच्या नावाने विकले जाऊ लागले. ऑस्टिन मेयर हा अमेरिकी अभियंता स्वतः वैमानिक. काही वर्षांच्या खंडानंतर तो पुन्हा ढगांतून उडायला गेला, तेव्हा सराव मोडल्याचे त्याच्या लक्षात आले. घरी सराव करता यावा म्हणून त्याने स्वतःच प्रोग्रॅम लिहिला. त्यातूनच पुढे ‘एक्स-प्लेन’ हा प्रसिद्ध सिम्युलेटर निघाला. खऱ्या वैमानिकाला घरचे विमान का आवडते, याचे उत्तर या उदाहरणात आहे. आवड तर असतेच, पण त्यामागे एक रास्त भीतीही असते. हात आणि डोळे यांचा सराव सुटला तर ढगात शिरल्यावर वेळ फार थोडा मिळतो, हे त्याला ठाऊक असते.

घरच्या सिम्युलेटरवर वैमानिक सहा-सात तबकड्यांवरून आळीपाळीने नजर फिरवण्याचा रियाज करतो. उद्या ज्या अनोळखी विमानतळावर उतरायचे, तेथे आजच दहा वेळा उतरून पाहतो. एखादे यंत्र मुद्दाम बिघडवून, त्याचे खोटे ओळखून, बाकीच्यांवर विमान चालवून पाहतो. ‘सम्राट अशोक’च्या कॅप्टनपुढे जो प्रसंग आला, तो घरी बसून शंभर वेळा अनुभवता येतो आणि कोणाचा जीव जात नाही. २०२० मध्ये करोनामुळे विमाने जमिनीवर राहिली, तेव्हा अनेक वैमानिकांनी असाच सराव टिकवला. वैद्यकीय तपासणीत नापास झाल्यामुळे ज्यांचे उडणे कायमचे सुटले, अशांना तर या छंदाचा मोठा विरंगुळा असतो. आवडीचे काम एकदम सुटले की मन खचते. तेव्हा हा विरंगुळा क्षुल्लक मानू नये.

मुरलेल्यालाच त्रास का?

आता सुरुवातीच्या कोड्याकडे वळू. १९५७ साली अमेरिकी नौदलाच्या एका हेलिकॉप्टर सिम्युलेटरची पाहणी झाली, तेव्हा त्यात बसणाऱ्यांना मळमळ व गरगर होते, असे प्रथम नोंदले गेले. त्यानंतरच्या अभ्यासात असे दिसले, की शिकवणाऱ्या अनुभवी वैमानिकांपैकी ६० टक्क्यांना त्रास झाला, तर शिकणाऱ्यांपैकी फक्त १२ टक्क्यांना. एका शिक्षकाला तर नंतर मोटार चालवत जाताना इतके भांबावल्यासारखे झाले, की त्याला गाडी थांबवून, खाली उतरून, थोडे चालून भानावर यावे लागले.

याची उपपत्ती सोपी आहे. मेंदू नुसत्या साक्षी ऐकत नाही, तो जुन्या अनुभवाशी त्या ताडून पाहतो. हजारो तास उडालेल्या वैमानिकाच्या मेंदूत पक्के बसलेले असते, की दृश्य असे कलले म्हणजे अंगावर असा दाब येणार, कानात असे जाणवणार. घरच्या खुर्चीत दृश्य कलते, पण दाब येत नाही, कान गप्प बसतो. साक्षीदारांत भांडण लागते. नवशिक्याच्या मेंदूत असा जुना अनुभवच नसतो, म्हणून त्याला विसंगती तेवढी बोचत नाही. शिवाय शिक्षकाच्या हाती बहुतेक वेळ दांडा नसतो, तो नुसता पाहत असतो. गाडी चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, मागे बसलेल्याला लागते, हे आपण जाणतोच. पुढे काय वळण येणार, हे चालवणाऱ्याच्या मेंदूला आधीच ठाऊक असते.

घाटातल्या बसमध्ये हेच भांडण उलट बाजूने होते. तेथे कान सांगतो, ‘वळतोय, हिंदकळतोय’. आणि मोबाइलवर किंवा पुस्तकावर खिळलेले डोळे सांगतात, ‘सारे स्थिर आहे’. दोन्हीकडे परिणाम एकच. जांभया, तोंडाला पाणी सुटणे, घाम, मळमळ आणि शेवटी उलटी.

या भांडणात कानाचा वाटा किती मोठा आहे, हे एका गोष्टीवरून कळते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदल आणि नासा यांनी वॉशिंग्टनच्या गॅलोडेट कॉलेजमधील ११ कर्णबधिर पुरुषांवर प्रयोग सुरू केले. त्यांपैकी १० जणांची श्रवणशक्ती लहानपणी मेंदूच्या आवरणाला सूज आल्याने गेली होती आणि त्याबरोबर कानातले तोलाचे यंत्रही बंद पडले होते. खवळलेल्या समुद्रात बोटीवर नेले, तेव्हा ही मंडळी मजेत पत्ते खेळत बसली. उलट्यांनी बेजार झाले ते संशोधक! ज्या खटल्यात साक्षीदारच गैरहजर, तेथे भांडण कोठले?

अर्धेच शिक्षण

यावरून घरच्या सिम्युलेटरचे बळ आणि मर्यादा दोन्ही कळतात. तो वैमानिकाला यंत्रे वाचायला शिकवतो. स्वतःच्या अंगावर अविश्वास ठेवायला मात्र तो शिकवू शकत नाही, कारण घरच्या खुर्चीत अंग खोटे बोलतच नाही. खऱ्या ढगात सारे शरीर ओरडून सांगत असते, ‘डावीकडे कलतोस’, आणि तबकडी शांतपणे दाखवत असते की विमान सरळ आहे. त्या क्षणी शरीराचा आवाज बाजूला सारणे ही वेगळी विद्या आहे. ती प्रशिक्षकाबरोबर खऱ्या विमानात, किंवा बंगळूरच्या हवाई दलाच्या इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिनसारख्या संस्थेत, मुद्दाम भ्रम घडवणाऱ्या यंत्रात बसूनच शिकावी लागते. विमान कंपन्यांचे मोठे सिम्युलेटर सहा हलत्या पायांवर उभे असतात. धावपट्टीवर वेग घेतल्याचा भास व्हावा म्हणून ते केबिन हळूच मागे कलवतात, आणि कान फसतो. कल आणि वेग यांतला फरक कानातल्या खड्यांना कळत नाही, याचाच तो फायदा. पण खरी गिरकी आणि खरा दाब त्यांनाही फारसा दाखवता येत नाही. घरच्या साध्या संगणकावर घालवलेले तास परवान्यासाठी मोजत नाहीत, त्यामागे असाच विचार आहे. घरी खूप सराव केलेल्या विद्यार्थ्याला आणखी एक सवय लागते. बाहेर लख्ख ऊन असतानाही तो तबकड्यांकडेच टक लावून बसतो.

त्रास होऊ नये म्हणून

ही पथ्ये सिम्युलेटरच्या हौशींना तर उपयोगी आहेतच, पण संगणकावर वा मोबाइलवर वेगाचे खेळ खेळणाऱ्या मुलांनाही तेवढीच लागू आहेत.

१. खोलीत दिवा लावून बसावे. पडद्याभोवतीची भिंत, खिडकी नजरेच्या कडेला दिसत राहिली की मेंदूला स्थिर आधार मिळतो. स्टेशनात शेजारची गाडी सुटली की आपलीच सुटल्यासारखे वाटते ना? सारी नजर व्यापणारे दृश्य असाच भास निर्माण करते. म्हणूनच डोळ्यांवर चढवायच्या व्ही.आर. चष्म्याने त्रास अधिक होतो.

२. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटेच बसावे आणि रोज थोडे वाढवावे. शरीर हळूहळू सरावते.

३. मळमळ वाटू लागताच थांबावे. नेटाने रेटू नये, रेटल्याने त्रास तासन्‌तास टिकतो.

४. ताप, सर्दी, जागरण, मद्यपान किंवा भरपेट जेवण झाल्यावर बसू नये. खोलीत वारा खेळता असावा.

५. दर वीस मिनिटांनी नजर दूर न्यावी, तासाला एकदा उठून चालावे. मान, पाठ आणि डोळे तिन्ही सुखी राहतात. झोपण्याच्या वेळेपर्यंत खेळत बसू नये.

६. गरगरले असेल तर पुरते बरे वाटेपर्यंत स्कूटर वा मोटार चालवू नये. वैमानिकाने तर त्या दिवशी खरे उड्डाण टाळलेलेच बरे.

बसमध्ये त्रास होणाऱ्यांनी पुढच्या बाजूला बसावे, वाचू नये, नजर दूरच्या रस्त्यावर ठेवावी. आल्याचा तुकडा चघळल्याने काहींना आराम पडतो.

गोळ्यांविषयी थोडेसे. गाडी लागू नये म्हणून घ्यायच्या बहुतेक गोळ्या प्रवासाआधी घ्याव्या लागतात, उलटी सुरू झाल्यावर त्यांचा उपयोग कमी. त्यांनी झोप येते, म्हणून त्या घेऊन वाहन चालवू नये. वैमानिकाने त्या स्वतःच्या मनाने कधीच घेऊ नयेत. दोन वर्षांखालील मुलांना प्रोमेथाझिन देऊ नये. काचबिंदू किंवा लघवीला अडथळा असलेल्या वृद्धांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

हे मात्र दुर्लक्षू नका

प्रत्येक चक्कर पडद्यामुळे नसते. अंथरुणात कूस बदलताच काही सेकंद घर फिरत असेल, तर कानातले तेच चुन्याचे खडे जागा सोडून नळीत शिरलेले असू शकतात. डॉक्टर विशिष्ट रीतीने डोके वळवून ते पुन्हा जागी नेतात आणि बहुधा एक-दोन खेपांत आराम पडतो. त्यासाठी महिनोन्‌महिने गोळ्या खात बसू नये. चक्कर येऊन एका कानाने कमी ऐकू येऊ लागले किंवा कानात आवाज येऊ लागला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. आणि चकरेबरोबर बोलणे अडखळले, एकाची दोन माणसे दिसू लागली, चेहरा वाकडा झाला, हात-पाय लुळा पडला किंवा चालताच येईना, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तेव्हा लिंबू-सरबत देत वेळ घालवू नका, लगेच मोठे रुग्णालय गाठा.

आपले तिन्ही साक्षीदार प्रामाणिक आहेत, पण प्रत्येकाला सारेच दिसते असे नाही. ढगात शिरलेला शहाणा वैमानिक एकाच तबकडीवर किंवा एकट्या अंतःप्रेरणेवर विसंबत नाही, चार ठिकाणी पडताळून मगच दांडा हलवतो. चक्कर आल्यावर आपणही तेच करावे. आधी खाली बसावे, एखाद्या स्थिर वस्तूवर नजर ठेवावी आणि चक्कर कशाने आली, याचा शांतपणे शोध घ्यावा.